शिवणीतलं पाणी

साहेबांनी छडी सत्यशीलाच्या हातात दिली. "आता मधलं पाणी दाखव."

भिंतीवर तुर्कस्तानचा नकाशा टांगलेला होता. व्यंकटराव गुरुजींनी मांजरपाटावर स्वतः काढलेला. जमीन गेरूची, समुद्र निळीचा. तपासणीला आलेले साहेब आज सातवीतून एकच नाव परभणीच्या वसतिगृहासाठी नेणार होते.

आतापर्यंत ती अडखळली नव्हती. पूर्वेचा मोठा भाग आशियात, पश्चिमेचा लहानसा तुकडा युरोपात. दोन्ही काठांवर वसलेलं शहर एकच, पण काळाप्रमाणे नावं तीन: बायझँटियम, कॉन्स्टँटिनोपल, इस्तंबूल.

"आमच्या उर्दू शाळेत कुस्तुंतुनिया म्हणायचे," साहेब हसून म्हणाले होते.

आता छडी त्या शहराजवळ येऊन थांबली. तिथं पाणी नव्हतंच. आशिया थेट युरोपाला चिकटला होता.

परवा उंदरानं नकाशा नेमका तिथंच कुरतडला. सत्यशीलानं तो घरी नेला. तिच्या आईनं, पंचफुलानं, कुरतडलेले दोन्ही काठ आत दुमडून असे बारीक टाके घातले की शिवण दिसू नये. गावभर तिच्या गोधड्यांचं कौतुक याचंच होतं. मधल्या पाण्याची निळी पट्टी दुमडीत गेली. गुरुजींनी सकाळी घाईत नकाशा टांगला, तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

सत्यशीला एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत राहिली. खिडकीच्या गजांबाहेर आई उभी होती. लेकीचं उत्तर ऐकायला कापूस वेचायचा सोडून आली होती. ओटीत अजून कापूस तसाच होता.

"सत्ये, तुझ्या मायनं समुद्र गिळला की," मागून मुंजाजी म्हणाला. पोरं खुसखुसली. गुरुजी जागचे उठले, पुन्हा बसले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाणी कुठंय?"

"हाय, साहेब." तिनं छडी उचलली, खाली केली. पाणी दाखवायचं तर आईची चूक दाखवावी लागणार होती. सगळ्यांदेखत, आईदेखतही.

"साहेब, ते..."

"उसव गं," खिडकीतून आवाज आला. "टाक्याचं काय, म्या फिरून घालीन."

गुरुजींनी पेन्सिलीचं ब्लेड पुढं केलं. सत्यशीला एकेक टाका कापत वरून खाली आली. दुमड सुटत गेली. दोन्ही काठांची निळी किनार बाहेर आली आणि मधल्या फटीतून भिंतीचा चुना दिसू लागला.

शेवटच्या टाक्यापाशी ती थांबली. ब्लेड गुरुजींना परत दिलं.

"तो का ठेवलास?" साहेबांनी विचारलं.

"तो पूल हाय, साहेब. औंदा दिवाळीच्या वक्ताला झाला. गुरुजींनी पेपरातून वाचून दाखवलं आमाला."

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी मान हलवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"पूर्ण नाव सांग."

दारातून वारा आत आला. नकाशा भिंतीपासून सुटून फडफडला. फटीचे दोन्ही काठ दूर ओढले गेले. पांढरा टाका ताणला, पण तुटला नाही.