मोठी अक्षरं

मुकुटबनला माहेरी आलेल्या ममताला बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरकडे पाहून चैन पडेना. पडद्यावर अक्षरं ही एवढाली, कडा फाटलेली. तिचे बाबा नागोराव त्यावरच गावकऱ्यांचे अर्ज टाइप करून देत.

"बाबा, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उडाला हाय. असं कसं काम करून राह्यले तुम्ही?"

"मले काही तरास नाही. राहू दे."

तिला राहवलं नाही. तिनं सीपीयू उघडला, कार्डावरची धूळ पुसून नंबर वाचला आणि मोबाईलवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसली. पहिला ड्रायव्हर बसलाच नाही. दुसऱ्यानं पडदा काळा झाला. तिची परतीची दोनची बस निघून गेली, तरी ती उठली नाही. तिसरा मात्र बरोबर बसला. पडदा लख्ख झाला, अक्षरं बारीक नि रेखीव.

"वाचा बरं आता!"

नागोराव वाकले, मागं सरले, पडद्याला नाक टेकेस्तोवर पुन्हा वाकले.

"पहिल्यासारखंच करून दे, बाई. एवढं बारीक मले दिसत नाही आता."

"कधीपासून, बाबा?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोल. तुह्या मायले अजून सांगतलं नाही."