नावांची जागा

"उकार टेकतोय," पेंटरकाका म्हणाले.

तिनं माउस थांबवला. "कुठं?"

"'सहकुटुंब'मधला. खालच्या 'विनंती'च्या वेलांटीवर पाय देऊन उभा आहे बघ. दोन ओळींत जागा वाढव जरा."

तिनं अंतर वाढवलं आणि मान मागे घेऊन स्क्रीनकडे पाहिलं. दोन्ही ओळी मोकळ्या झाल्या होत्या. काकांचं बरोबर होतं. नेहमीच असायचं.

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता हात थरथरायचा, म्हणून लग्नाची पत्रिका करून घ्यायला ते तिच्या एका खोलीच्या स्टुडिओत आले होते. काम एका दिवसाचं. आज अकरावा दिवस होता.

दुसरं कुणी असतं, तर तिनं केव्हाच हात जोडले असते. पण काका शेजारी खुर्ची ओढून बसले की तिला मजाच यायची. पहिल्या दिवशी तिनं पाच फॉन्ट, सोनेरी चकाकी आणि प्रत्येक अक्षरामागे सावली असं सगळं हौसेनं करून दाखवलं होतं. काकांनी बराच वेळ पाहिलं.

"अक्षराला सावली कशाला गं? ते काय उन्हात उभं आहे?"

ती हसत सुटली होती. सावल्या गेल्या, चकाकी गेली, पाच फॉन्टांचा एक झाला. आता पत्रिका अशी दिसत होती, जणू कुणी शांतपणे समोर बसून बोलतंय. तिची इतर कामंसुद्धा सुधारली होती. परवाच एका बेकरीवाल्यानं तिचं नवं पोस्टर पाहून विचारलं होतं, "कुठं क्लास लावलात काय?"

पत्रिकेच्या मधोमध मात्र अजून रिकामंच होतं.

"नावं कधी देणार, काका?"

"नावं शेवटी. आधी त्यांची जागा नीट ठरू दे. दोन्ही एकाच ओळीत, एकाच मापाची. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. आणि नावांमागे बिरुदं नकोत."

"निदान किती अक्षरी ते तरी सांगा."

"एक चार अक्षरी. एक तीन."

तिचं स्वतःचं नाव तीन अक्षरी होतं. तेव्हा ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते काकांचा पुतण्या त्यांना स्कूटरवरून न्यायला आला तेव्हा. हेल्मेट काढून तो दारातच थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"तुम्हीच का त्या!" तो म्हणाला. "काकांच्या तोंडी सारखं तुमचंच कौतुक असतं."

"चल, चल," काका घाईघाईनं उठले. "उगाच तोंड चालवू नकोस."

दुपारी आई डबा घेऊन आली. समोरच्या वाचनालयात ती पुस्तकांची बांधणी करायची आणि जेवायला रोज इकडे यायची.

"पेंटर आले होते का? काय म्हणाले?"

"उकार टेकतोय म्हणाले."

"तेवढंच?" आईनं डबा उघडला. "मन लावून कर हं ते काम. शेवटी घरचंच..." ती एकदम थांबली. "घे, गार होतंय."

वाफ तर डब्यातून अजून येत होती. मुलीनं आईकडे रोखून पाहिलं. आई भाजी वाढण्यात भलतीच गुंतली होती.

असं आहे तर! दोघांनी मिळून घाट घातला होता. पुतण्या वाईट नव्हता. हसरा होता, नाकीडोळी नीटस होता. पण म्हणून काय, तिला न विचारता पत्रिकाच करायला टाकायची? तीही तिच्याच हातून?

दुसऱ्या दिवशी काका आल्या आल्या तिनं सरळ विचारलं, "काका, तिकडून होकार आलाय का?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मनातून आहे. तोंडातून येत नाही."

"का?"

"घरात दोघीच. आपण निघून गेलो, तर मागं राहणारीचं कसं होईल, या एका गोष्टीवर सगळं अडलंय. म्हटलं, तोवर पत्रिका तरी सुरेख करून ठेवू. बघून मन वळलं तर वळलं."

घरात दोघीच. म्हणजे आईनं त्यांना सगळं सांगितलं होतं. तिला राग यायला हवा होता, पण समोर हा माणूस रिकाम्या जागेकडे इतक्या आशेनं बघत होता, की राग आलाच नाही. या अकरा दिवसांत झालं तितकं बोलणं तर तिचं सख्ख्या काकांशीही कधी झालं नव्हतं.

तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"काका, तुमच्यासारखं माणूस घरात असणं हे भाग्यच. तुमचा पुतण्याही चांगला आहे. पण मी स्पष्टच सांगते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. आईला एकटीला टाकून मी लग्न करणार नाही."

काकांचा चेहरा हळूहळू कानापर्यंत लाल झाला.

"पुतण्याचं लग्न होऊन तीन वर्षं झाली गं," ते पुटपुटले. "आणि तू आत्ता जे म्हणालीस ना, ते तुझी आई मला गेले सहा महिने ऐकवतेय. 'मुलीला एकटीला टाकून मी लग्न करणार नाही.'"