आख्यान टेकडीवर

पुस्तक अर्ध्यावर आलं तरी एकच सांगत होतं, भीती फक्त मनात असते. सुकराम छत्री धरून तलावाच्या बांधावर बसला होता. पावसाळ्यात गावातली घरं आळीपाळीनं बांधाची राखण करतात. आज पाळी त्याच्या घराची होती. बाप रोज फोनवर बांध फुटायचं भ्या बोलून दाखवतो, म्हणून नागपूरच्या लेकानं, हिमांशूनं, हे पुस्तक पाठवलं होतं.

भीती खरी निघाली तर काय करायचं, ते पुढच्या पानावर असेल म्हणून सुकराम दुपारभर वाचत राहिला. पुढच्या पानावर पुन्हा तेच. कीर्तनात पूर्वरंग संपून आख्यान तरी लागतं. इथं बुवा पूर्वरंगातच रुतून बसला होता. लेकानं मायेनं पाठवलं, म्हणून त्याला जास्तच वाईट वाटलं. पुस्तक मिटून तो बांधाखाली उतरला.

पायथ्याशी नेहमी थोडं पाणी पाझरायचं, नितळ. आज ते मातकट होतं. बांध आतून माती सोडत होता. तो बघत होता तोवर धार मनगटाएवढी झाली.

खाली महादेवाच्या देवळात सारा गाव कीर्तनाला बसलेला. दार एकच, अरुंद. ओरडावं तर चेंगराचेंगरी होणार. सुकराम ओल्या पायांनी बसलेल्यांमधून वाट काढत निघाला. कीर्तनात असं मधून कोणी जात नाही. धुरपताबाईनं त्याचं धोतर ओढलं.

"काऊन रे, देवापेक्षा मोठा झालास?"

तो कीर्तन करणाऱ्या भैयाजी महाराजांच्या कानाशी वाकला. "महाराज, बांधातून मातीचं पाणी येऊन राहिलं."

महाराजांच्या चिपळ्या थांबल्या नाहीत. त्यांनी चरण पुरा केला, हसले आणि म्हणाले, "आजचं आख्यान टेकडीवर. लेकरं पुढं, टाळकरी मागं. टाळ थांबू देऊ नका."

बुवांची लहर, असं म्हणत, पावसाला नावं ठेवत लोक गात बाहेर पडले. कोणी धावलं नाही. सर्वांत मागं महाराज आणि सुकराम. या माणसाला भीती ठाऊकच नसावी, असं सुकरामला वाटलं.

अर्ध्या चढणीवर मागं मोठा आवाज झाला. देवळाच्या पायऱ्या लाल पाण्याखाली गेल्या. महाराजांचा पाय घसरला, तसा सुकरामनं त्यांचा हात धरला.

हात थंडगार होता, लटलट कापत होता. आणि महाराज सुरात गात होते.