उजवीकडची दांडी

तेइझोला डावीकडं वळायचं होतं. त्यानं इंडिकेटर द्यायला दांडी हलवली आणि लख्ख उन्हात कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरायला लागले. इंडिकेटर लागलाच नाही. गाडी सरळ जाणार असं समजून कडेनं येणारी सायकल पुढं घुसली. त्यानं करकचून ब्रेक दाबला. सायकल कलंडली. बाईनं कसाबसा पाय टेकवला, मागच्या सीटवरच्या पोराचं हेल्मेट सरळ केलं. तेइझोकडं नुसतं बघितलं आणि निघून गेली. वायपर चालूच होते. ते बंद कुठून करायचे, हे त्याला कितीतरी वेळ आठवेना.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. साके या तांदळाच्या दारूच्या भट्टीचा ट्रक डोंगररस्त्यांवर चालवण्यात सगळी हयात गेलेली, गाडीवर एक ओरखडा नाही. वसंतात मुलगा शूहेइ नागोयाहून आला, "तुमच्या या डबड्याला आपोआप लागणारे ब्रेकसुद्धा नाहीत," म्हणत त्याची जुनी गाडी काढून टाकली आणि स्वतःची जर्मन गाडी त्याला देऊन गेला. तिच्यात सगळं जपानी गाड्यांच्या उलटं. इंडिकेटरची दांडी डावीकडं, वायपरची उजवीकडं. तेइझोला हे पाठ होतं. घरातून निघताना तो मोठ्यानं म्हणायचा, "डावी दांडी, डावी दांडी." आणि चौक आला की हात उजवीकडंच जायचा.

"मला दोन दिवसांत सवय झाली, बाबा," शूहेइ तेव्हा म्हणाला होता. "कुणालाही होते."

त्या संध्याकाळी त्यानं मुलाला फोन केला. सायकलचं सांगितलं.

"बाबा, आता पुरे. लायसन्स परत करून टाका."

तेइझोला थोरला भाऊ आठवला. माणसांची नावं विसरण्याआधी तो चपला फ्रिजमध्ये ठेवायला लागला होता. आपलीही सुरुवात झाली, असं त्यानं मनाशी धरलं.

त्याला गाडी लागायची ती बायकोसाठी, सुमिएसाठी. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा एक पाय गेला तेव्हापासून ती डोंगरावरच्या वृद्धनिवासात होती. डोकं मात्र शाबूत. तेइझो रोज सकाळी जायचा आणि तिचं रात्रीचं जेवण येईपर्यंत खुर्चीत बसून राहायचा. "आज पण आलात?" ती म्हणायची. "येणारच की," तो म्हणायचा. गाडी नसेल तर नगरपालिकेची छोटी बस, तीही मंगळवारी आणि शुक्रवारीच.

तरी त्यानं पोलीस ठाण्यात जाऊन लायसन्स परत केलं. खिडकीवरच्या पोलिसानं उठून, वाकून नमस्कार केला. "इतकी वर्षं सांभाळून चालवलीत. फार कष्ट घेतलेत." तेइझो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला.

गाडी न्यायला गॅरेजवाला कुमागाई आला. फाटकातून रस्त्याला लागताना त्यानं दांडी हलवली आणि वायपर सुरू झाले. तो काच खाली करून खो खो हसला.

"बघा! जन्म गेला माझा यात, तरी हात चुकतोच. परदेशी गाडीत सगळ्यांचंच असं होतं, तेइझो-सान."

"शूहेइला तर दोन दिवसांत जमलं."

"कुणाला? शूहेइ-कुनला? त्यानं कोरड्या काचेवर फिरवून फिरवून वायपरची रबरं झिजवली हो! कंटाळूनच विकायला काढली होती त्यानं ही. तुम्हाला देतोय म्हणाला तेव्हा मी बजावलं, अरे, बाबांना ही नको देऊस, या वयात हात वळत नाही. तर म्हणाला, ठाऊक आहे, म्हणूनच देतोय. मला वाटलं, चेष्टा करतोय."

तेइझो फाटकाला धरून उभा राहिला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो हलला नाही.

शुक्रवारच्या बसनं तो वर गेला. पोचेपर्यंत दुपार झाली होती. सुमिए खोलीत नव्हती. दिवाणखान्यातून हसण्याचा आवाज येत होता. तीन म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या आणि सुमिए पान आपटून ओरडत होती, "काढा, काढा! हरलात!" इतकं मोठ्यानं हसताना त्यानं तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो दिसला तशी तिनं पत्ते पालथे ठेवले. बाकीच्या तिघी खुर्च्या सरकवून उठल्या.

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला. "पोटच्या पोरानं मला वेड्यात काढलं! मी म्हातारचळ लागला म्हणून रात्र रात्र जागा. आणि ती सायकलवरची बाई... पोरासकट चिरडली असती माझ्या हातून!"

"कुठली बाई?" सुमिएचा चेहरा उतरला. "हे मला शूहेइ बोलला नाही."

"तुला? तुला कशाला सांगेल तो?"

सुमिए आपल्या निर्जीव पायाकडं बघत राहिली.

"त्याला ओरडू नका. तो तयार नव्हता. मला फिरायला न्यायचा ना त्या गाडीतून, तेव्हा सारखे वायपर लावायचा. मीच म्हटलं, हीच दे बाबांना. मीच त्याच्या मागं लागले."

तेइझोचा राग हळूहळू निवला. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला.

"घाटात बर्फ पडतो, माझ्या जिवाची काळजी. कळतंय मला. पण तोंडानं सांगायचंस, सुमिए. मी ऐकलं असतं."

"काळजी नव्हती," सुमिए म्हणाली. "तुम्ही रोज येता ते मला नको झालं होतं."