किड्याचे सूर

ज्या तापाने माझा धाकटा नेला, त्या तापाच्या किड्याची कुंडली माझी लेक मांडतेय. भल्याभल्यांना जमलेलं नाही ते! आणि मी तर चौथीसुद्धा पास नाही.

काल तिने प्रयोगशाळेत नेऊन सगळं दाखवलं. किड्याचा अख्खा साचा म्हणे चारच अक्षरांत लिहिलेला असतो. वाचून डोळे थकले की चूक कानाने पकडता यावी, म्हणून तिने प्रत्येक अक्षराला एकेक सूर दिलाय. हुशारीत माझ्यावर गेलीय.

सूर वाजत राहिले आणि मध्येच तुटले.

“एवढाच तुकडा राहिलाय, आई. पुढचं कुणालाच सापडत नाहीये.”

“अगं, त्यात काय एवढं? पुढे हे!” मी गुणगुणून दाखवलं. शुद्ध हरपल्यावर धाकटा हेच गुणगुणायचा.

लेकीने मला तेच पुन्हा पुन्हा गुणगुणायला लावलं. मग तिने एकेका सुराचं अक्षर यंत्रात भरलं.

“जुळलं, आई! दोन्ही टोकं जुळली!” तिने यंत्र बंद केलं आणि मला मिठी मारली.

“लेक कुणाची आहेस?” विचारायला मी गुणगुणणं थांबवलं.

गुणगुण थांबली नाही. ती आता लेकीच्या तापलेल्या ओठांतून येत होती.