सरळ कोपरं

श्रीनिधीने सरावासाठीच्या रबरी पुतळ्याच्या छातीवर हात ठेवले, चार वेळा दाबलं आणि हात उचलून घेतले.

"परत सुरू कर," तिची शिक्षिका शर्मिष्ठा म्हणाली. आवाज जमेल तितका शांत ठेवला होता तिने. वरच्या मजल्यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीत परीक्षक अनंतकृष्ण कॉफी घेत होते. कॉफी संपली की ते खाली येणार, आणि रुग्ण-सहायक प्रमाणपत्राचं प्रात्यक्षिक सुरू होणार. पहिला नंबर श्रीनिधीचाच होता.

बाकीच्या मुली व्हरांड्यात बसून एकमेकींना तमिळमध्ये प्रश्न विचारत होत्या. खरं तर त्या सगळ्यांत शर्मिष्ठाला हिचीच काळजी नव्हती. रुग्ण पलंगावर असताना चादर बदलणं, रक्तदाब घेणं, पट्टी बांधणं, सगळ्यात श्रीनिधी पुढे. अण्णा नगरातलं एक इस्पितळ पास झालेल्या मुलींना लगेच कामावर घेणार होतं, आणि श्रीनिधीच्या घरी आता कमावतं कुणी उरलं नव्हतं. पण काल परीक्षेसाठी हा पुतळा मागवून आणला, तेव्हापासून पोरगी सीपीआरपाशी, बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालवण्यापाशी, येऊन अडत होती.

"अगं, होतंय काय तुला? सर येतील आता."

श्रीनिधी गुडघ्यांवर बसून होती. शाळेत मराठी बोलणाऱ्या या दोघीच. शर्मिष्ठा पुण्याहून आलेली, श्रीनिधी तंजावरच्या मराठी घराण्यातली, बोलण्याला तमिळचा हेल असलेली.

"मिस, सर चुकलं म्हणाले तर?"

"तर परत परीक्षा देता येते. एवढं काय घाबरायचं त्यात?"

"परीक्षेचं नाही, मिस." ती पुतळ्याच्या रबरी चेहऱ्याकडे बघत होती. "अप्पांना मी असंच दाबलेलं."

संक्रांतीला, पोंगलच्या सुट्टीत, श्रीनिधीचे वडील हार्ट अटॅकने गेले, तेव्हा शर्मिष्ठा त्यांच्या घरी जाऊन भेटूनही आली होती. पण हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"अम्मा सगळ्यांना सांगते, माझ्या मुलीला येत होतं, तिने सगळं केलं," श्रीनिधी म्हणाली. "आज सर चुकलं म्हणाले, तर मी अम्माला काय सांगू?"

"कसं दाबलंस ते दाखव मला." शर्मिष्ठा बोलून गेली, आणि बोलल्याबरोबर तिला पश्चात्ताप झाला.

श्रीनिधीने हात ठेवले. या वेळी ती थांबली नाही. ओठांतल्या ओठांत मोजत ती दाबत राहिली आणि शर्मिष्ठा कान देऊन ऐकत राहिली. पुरेसं खोल दाबलं की त्या पुतळ्यातून टक् असा आवाज यायचा. आवाज येत नव्हता. हातांची जागा बरोबर होती, गती बरोबर होती. पण प्रत्येक दाबाला कोपरं वाकत होती आणि सगळा जोर तिथेच जिरत होता.

गप्प बसलं तर पोरगी नापास. किंवा परीक्षकांना दया येऊन पास झालीच, तर उद्या खऱ्या माणसाच्या छातीवर हेच हात. आणि बोललं तर? शर्मिष्ठाने पुतळ्याकडे पाहिलं, मुलीच्या मानेवर साचलेल्या घामाकडे पाहिलं. जिन्यावर पावलं वाजली.

"कोपरं सरळ ठेव," ती म्हणाली.

श्रीनिधीचे हात थांबले. तिने मान वर केली.

"तेव्हापण वाकत असतील?"

नाही म्हणणं सोपं होतं. शर्मिष्ठा तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"असतील. तेव्हा आपल्याकडे हा पुतळा नव्हता. मी तुम्हाला उशीवर शिकवलं, आणि उशी काय, कशीही दाबली तरी दबते. जेवढं शिकवलं होतं, तेवढं तू केलंस."

"सरळ असती तर अप्पा वाचले असते, मिस?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही ते. सगळं बरोबर करूनही पुष्कळ माणसं जातात, श्रीनिधी."

ती आता रडेल असं शर्मिष्ठाला वाटलं. ती रडली नाही. तिने बोटांत बोटं गुंफली, पुन्हा छातीच्या मधोमध हात ठेवले. शर्मिष्ठाने दोन्ही बाजूंनी तिच्या कोपरांना हलकेच तळवे लावले.

टक्.

श्रीनिधी दचकली. मग पुन्हा दाबलं. टक्. टक्. टक्.

दारात अनंतकृष्ण उभे होते. शर्मिष्ठा घाईने उठली. परीक्षा चालू असताना शिक्षकांनी आत थांबायचं नाही असा नियम होता. ती बाहेर आली आणि दार लोटलं गेलं.

शर्मिष्ठा भिंतीला टेकून ऐकत होती. मग आतून टक् टक् असा आवाज सुरू झाला, एकसारखा, न चुकता. तिने डोळे मिटले.

"पुरे," आतून अनंतकृष्ण तमिळमध्ये म्हणाले. "आता सांग, हे किती वेळ चालू ठेवायचं?"

"मदत येईपर्यंत, सर."

"आणि मदत लवकर आलीच नाही तर?"

पुस्तकात याचं एका ओळीचं उत्तर होतं आणि ते सगळ्या मुलींना पाठ होतं. शर्मिष्ठाने दाराची चौकट घट्ट धरली.

"आपल्या अंगातली ताकद संपेपर्यंत, सर," श्रीनिधीने पुस्तकातली तीच ओळ तमिळमध्ये म्हटली.

आणि मग, परीक्षकांना न कळणाऱ्या मराठीत, हळूच:

"माझी संपली होती."