नथ्थूचं कार्ड

सून मशीन शिकलेली आणली, अन् आज तिनंच भरल्या मंडपात सासूचं नाक कापलं. खाणीतल्या मजुरांना रक्तगटाची कार्डं मिळणार, पहिलं आपल्या श्रावणच्या हाती पडणार, हे भागीरथाबाईनं अख्ख्या क्वार्टर-लाइनीत सांगून ठेवलं होतं. घुग्घुसहून पेढे आणले होते. अन् ही कमळा कार्डांची पेटी पोटाशी धरून कॉम्प्युटरच्या खोलीत बसलेली. देत नाही म्हणे.

पदर खोचून भागीरथाबाई आत शिरली. "काऊन वं, नवऱ्याचा मान पाहवत नाई तुले?"

"आई, यांचं रक्त ओ आहे. कार्डावर एबी छापलं."

"कोणं छापलं?"

"मशीननं. शिकवलं मीच. दवाखान्यातून रक्तगटाचा नुसता नंबर येतो: एक म्हणजे ए, दोन बी, तीन ओ, चार एबी. दवाखान्यानं आपल्या तक्त्यात सगळ्यात वर 'तपासणी बाकी' घातलं. तिकडचे सगळे नंबर एकेकानं सरकले. माझ्या प्रोग्रामात जुनेच राह्यले. खाली खाणीत दगड पडला अन् कार्ड पाहून रक्त चढवलं, तर दगडातून वाचलेला माणूस दवाखान्यात मरेल."

नंबरांचं भागीरथाबाईला अर्धंच उमगलं. मरेल हे पुरतं उमगलं.

मॅनेजरसाहेब खिडकीतून मंडपाकडे पाहत होते. तिथं मोठे साहेब हार घालायला येऊन खुर्चीवर बसले होते. "कमळाबाई, दुरुस्ती किती वेळाची?"

"उद्या सांजेपर्यंत. आता मशीन गटांची नावं दवाखान्याच्या तक्त्यातूनच वाचेल. माझे नंबर मी काढून टाकतो. तक्त्यात नाई असा नंबर आला, तर छपाईच थांबेल."

"उद्या कोण येणार आहे हार घालायला?" मॅनेजरसाहेब भागीरथाबाईकडे वळले. आवाज मऊ केला. "बाई, तुमच्या मुलाचं कार्ड मी आत्ता हातानं दुरुस्त करतो, खाली सही करतो. पहिलं त्यालाच देऊ. बाकीच्यांचं मागाहून बघू. तुम्ही सुनेला समजवा."

भागीरथाबाईचा जीव भांड्यात पडला. पोराचं नीट होत होतं. मानही राहत होता. ती कमळाच्या हातातली पेटी घ्यायला वाकली, अन् खिडकीतून तिला नथ्थू दिसला. भिंतीला भिंत लागून राहणारा. धुतलेला सदरा घालून पुढच्याच रांगेत बसला होता.

"कमळे, नथ्थूचं काय छापलं?"

"ए. एक नंबर आता 'तपासणी बाकी'चा. त्याचं रक्त अजून तपासलंच नाई कोणी."

"साहेब, नथ्थूचं कधी करान?"

"मागाहून म्हटलं ना, बाई."

"अन् तवरोक तो खाली उतरंल?"

"ड्यूटी आहे. उतरावंच लागेल."

बाहेर माइकवर श्रावणचं नाव पुकारलं. टाळ्या सुरू झाल्या. भागीरथाबाईनं पेटी उचलली, कोपऱ्यात नेऊन ठेवली, अन् तिच्यावर ऐसपैस बसली. साहेब काही बोलायला गेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कमळे, लय आडमुठी आहेस तू. घरात मी एकली पुरे होतो, त्यात तू दुसरी आली. बस त्या मशीनपाशी. पहिलं नथ्थूचं रक्त तपासाले लाव, मग त्याचं कार्ड छाप. अन् माझ्या पोराचं सगळ्यात शेवटी!"